शुक्रवार पेठेतल्या रहिवाशांना नेमके काय हवे आहे?

आपण विचारले आहे की, आपल्या वस्तीतील राहणीमान सुधारावे यासाठी तेथील रहिवाशांना कोणते बदल हवे आहेत आणि त्यांतला पहिला बदल कोणता व्हावा. मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, म्हणजे गंगावेस आणि पंचगंगेचा घाट यांच्या आसपासच्या जुन्या भागात राहतो, आणि हे उत्तर त्याच भागापुरते आहे. ताराबाई पार्कात किंवा फुलेवाडीच्या पुढे नव्याने वसलेल्या कॉलन्यांत राहणाऱ्यांची यादी निश्चितच वेगळी निघेल. आमच्याकडे तालमीच्या पायरीवर किंवा पहाटे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर हा विषय निघाला, तर कारंजी आणि स्वागतकमानी मागणारा माणूस क्वचितच भेटतो. जे आहे ते ठरल्या वेळी चालावे आणि बंद पडणार असेल तर ते आधी कळावे, एवढेच बहुतेकांचे म्हणणे असते. ही मागणी ऐकायला किरकोळ वाटते. तिच्याखाली काय काय येते, ते सांगतो.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. शहराला पूर्वापार शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपसा केंद्रांतून नदीचे पाणी मिळत आले. नदीच्या प्रदूषणामुळे धरणातून थेट पाणी आणण्याची मागणी कित्येक वर्षे चालली, तिच्यासाठी मोर्चे निघाले, निवडणुका लढवल्या गेल्या, आणि अखेर २०२३ च्या दिवाळीत दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाचे पाणी सुमारे ५३ किलोमीटरच्या जलवाहिनीतून पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात पोचले. हे मोठे काम झाले, यात शंका नाही. पण पुईखडीपर्यंत आलेले पाणी आमच्या बोळातल्या नळाला येईपर्यंत त्याला शहरांतर्गत जुन्या वाहिन्या, टाक्या आणि व्हॉल्व्ह यांतून जावे लागते, आणि धरणाजवळच्या पंपात किंवा विजेत बिघाड झाला की त्याचा फटका एकदम मोठ्या भागाला बसतो. त्यामुळे पेठेतील बायकांची तक्रार पाण्याच्या प्रमाणापेक्षा वेळेबद्दल अधिक असते. पाणी पहाटे येणार की सकाळी उशिरा, ते किती वेळ टिकणार, आज येणारच नसेल तर टँकर कोणत्या चौकात उभा राहणार, हे माहीत नसल्यामुळे घरातल्या एका माणसाला नळाशी अडकून पडावे लागते, आणि तो माणूस कोण असतो हे निराळे सांगण्याची गरज नाही. नोकरीला जाणारी सून सुटते, मग सासूबाई अडकतात. ज्यांच्या घरी मोठी टाकी आणि विजेची मोटर आहे त्यांना हा प्रश्न जाणवत नाही. पण जुन्या वाड्यांत दोन खोल्यांतून राहणाऱ्या भाडेकरूंना टाकी बसवायला जागा नसते आणि घरमालकाची परवानगीही नसते. पाणी कमी दाबाने येण्याचे एक कारण थेट नळाला लावलेल्या मोटरी हेही आहे, आणि त्या लावणारे आमचेच शेजारी आहेत. या बाबतीत कारवाई व्हावी, असे खासगीत सगळे म्हणतात. लेखी अर्जावर मात्र कोणी सही करत नाही.

दुसरा विषय महापुराचा. जिल्ह्यात पुराचा अंदाज पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीवरून सांगितला जातो: ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत ही पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. आता पेठेतल्या लहान मुलालासुद्धा हे आकडे पाठ आहेत आणि पावसाळ्यात सकाळी उठल्यावर लोक एकमेकांना ‘किती फूट?’ एवढेच विचारतात. अडचण अशी की बंधाऱ्यावरच्या आकड्यावरून आपल्या दारात पाणी कधी येईल हे कळत नाही. जामदार क्लबच्या बाजूला पाणी लवकर येते, तिकडे दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यातील कुटुंबांना तर त्याहूनही आधी चित्रदुर्ग मठात हलवावे लागते, आणि आमच्या बोळात आणखी काही फुटांनंतर. शिवाय नदी रस्त्याने येण्याआधी गटारातून येते. नदीची पातळी वाढली की नाल्यांचे पाणी बाहेर पडण्याऐवजी मागे फुगते, आणि रस्ता कोरडा दिसत असतानाच न्हाणीघरातून मैलामिश्रित पाणी वर येऊ लागते.

म्हणून पेठेत अनेकांना एक साधी गोष्ट हवी आहे, आणि मला ती इतर सगळ्या योजनांपेक्षा मोलाची वाटते. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी विजेच्या खांबावर किंवा पक्क्या भिंतीवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा कायमच्या रंगवाव्यात आणि त्यांच्या खाली ‘राजाराम बंधाऱ्यावर इतके फूट झाले की पाणी येथे पोचते’ असे ठळक लिहावे. हे काम मोजमाप करून अभियंत्यांनीच केले पाहिजे, कारण अंदाजाने रंगवलेली खूण लोकांना खोटा धीर देईल. अशी खूण असली तर गॅसची शेगडी, धान्य, शाळेचे दाखले आणि घराची कागदपत्रे माळ्यावर कधी चढवायची, आजारी माणसाला नातेवाइकाकडे कधी न्यायचे आणि म्हशी कधी सोडवायच्या, हे प्रत्येक घराला स्वतः ठरवता येईल. गंगावेस परिसरात आजही म्हशी पाळणारी घराणी आहेत, आणि जनावरे कोठे बांधायची हा प्रश्न पुरात माणसांच्या निवाऱ्याइतकाच मोठा होतो. जनावरांची सोय नसेल तर म्हशीवाला घर सोडत नाही, आणि तो सोडत नाही म्हणून त्याच्या घरची माणसेही अडकतात.

पुराच्याच संदर्भात नदीकाठच्या भरावांबद्दल लोकांचा राग मोठा आहे. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. लोकांची मागणी एवढीच आहे की या रेषा नकाशावरून जमिनीवर उतरवाव्यात, दगड रोवावेत, म्हणजे रात्रीत टाकलेला मुरूम कोणाला तरी दिसेल. माझे स्वतःचे मत असे की या मागणीत आपण सगळे थोडे ढोंगी आहोत, कारण याच रेषांच्या आत कोणाच्या ना कोणाच्या पाहुण्याचा गुंठा असतो. तरीही मागणी योग्यच आहे.

याला जोडूनच सांडपाण्याचा मुद्दा येतो. जयंती नाल्याचे पाणी उपसून कसबा बावड्यातील रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात नेले जाते आणि दुधाळी येथे रोज १७ दशलक्ष लिटरचे केंद्र आहे. तरीही जोराचा पाऊस झाला की नाला त्याच्यावरच्या बंधाऱ्यावरून थेट नदीत मिसळतो. घाटावर रोज पहाटे पोहायला जाणारी जुनी मंडळी पाण्याचा रंग पाहून कोठला नाला फुटला ते सांगतात. त्यांचे कोणी नोंदवून घेतले तर बरे होईल.

रस्ते आणि वाहने यांबद्दल पेठेत एकमत नाही. पन्हाळा, जोतिबा आणि पुढे रत्नागिरीकडे जाणारी वाहतूक गंगावेशीवरून शिवाजी पुलाकडे जाते आणि अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्या महाद्वार रोड भरला की आमच्या बोळांत शिरतात. नवरात्रात आणि सलग सुट्ट्यांत तर आजारी माणसाला बाहेर काढायचे झाले तरी रिक्षा दारापर्यंत येत नाही. भाविकांबद्दल कोणाची तक्रार नाही, कारण निम्म्या पेठेचे पोट त्यांच्यावर चालते. लोकांना हवे आहे ते हे की पर्यटकांच्या गाड्या शहराच्या कडेला थांबवाव्यात आणि तेथून मंदिरापर्यंत लहान बसगाड्यांची सतत फेरी असावी. १९६२ पासून शहराची स्वतःची केएमटी, म्हणजे महापालिकेची बससेवा, आहे, त्यामुळे नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, गाड्या आणि चालक मात्र पुरेसे हवेत. दुकानदारांना भीती वाटते की गाड्या लांब थांबल्या तर गिऱ्हाईकही लांबच थांबेल. ही भीती मला अवाजवी वाटते, कारण महाद्वार रोडवर खरेदी करणारा माणूस आजही गाडीतून उतरूनच खरेदी करतो. पण ती आहे, आणि तिला उत्तर दिल्याशिवाय हा बदल टिकणार नाही.

पादचाऱ्यांची बाजू मांडणारा कोणी नसतो. गंगावेशीपासून पापाच्या तिकटीपर्यंत एखाद्या सत्तरीच्या आजींना चालत जायचे असेल, तर त्यांना पदपथावर उभ्या केलेल्या दुचाकी, दुकानांच्या वाढवलेल्या पायऱ्या आणि उघडी झाकणे चुकवत रस्त्यावर उतरावे लागते. अतिक्रमण हटवण्याची मोहीम निघाली की पहिला घाव भाजीवाल्या मावशींच्या पाटीवर पडतो आणि पक्क्या पायऱ्या तशाच राहतात, हे अन्यायाचे आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार नगर विक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावे लागतात. त्या समितीमार्फत जागा आखून द्याव्यात, पाटीला पाटीची जागा आणि चालणाऱ्याला चालण्याची, असे बहुतेक रहिवाशांचे मत आहे.

कचऱ्याचे थोडक्यात सांगतो. कोंडाळे उचलून घरोघरचा कचरा नेणारे टिप्पर सुरू झाले ते चांगलेच झाले, पण जेथे कोंडाळा होता तेथे लोक अजूनही पिशव्या टाकतात. यात टिप्परच्या अनियमित वेळेचा दोष जितका आहे तितकाच आमच्या सवयीचाही आहे. वेळ नक्की झाली तर सवयीला सबब उरणार नाही.

आवाजाबद्दल मात्र जपून लिहावे लागते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही नियमाने ठरलेली मर्यादा आहे आणि वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस वगळता रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. प्रत्यक्षात मिरवणुकीतल्या साऊंड सिस्टीमने जुन्या वाड्यांच्या खिडक्या थरथरतात, आणि हृदयविकाराच्या रुग्णांना नातेवाईक त्या दिवसांपुरते दुसऱ्या उपनगरात पाठवतात. तरीही याविरुद्ध उघडपणे बोलणे पेठेत सोपे नाही, कारण ज्या मंडळाची पोरे मिरवणुकीत नाचतात तीच पोरे पुरात छातीएवढ्या पाण्यात उतरून म्हाताऱ्यांना पाठीवरून बाहेर आणतात आणि घरोघर जेवण पोचवतात. त्यांच्या उपकाराखाली आम्ही सगळेच आहोत. माझ्या पाहण्यात असे आले आहे की पोलिसांच्या नोटिशीपेक्षा तालमीतल्या जुन्या वस्तादांनी सांगितलेले अधिक ऐकले जाते. या तरुणांचीही एक मागणी आहे आणि ती रास्त आहे: खेळायला मैदान. फुटबॉलवर इतका जीव असलेल्या या शहरात शिवाजी पेठेच्या गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साठून राहते, आणि पेठांतल्या मुलांना चेंडू घेऊन फिरावे लागते.

हे सगळे सांगायचे कोणाला, हाही रहिवाशांच्या मागण्यांतलाच भाग आहे. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली ती बहुसदस्य प्रभाग पद्धतीने. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक असे, त्यामुळे बरे-वाईट बोलायला एक दार होते. आता प्रभाग मोठा झाला आणि दारे अनेक झाली, तेव्हा एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये यासाठी लोकांना क्षेत्रसभा हव्या आहेत. महानगरपालिका कायद्यात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली असून काही मतदान केंद्रांच्या परिसरातील सर्व नोंदणीकृत मतदार तिचे सदस्य असतात. गावाला जशी ग्रामसभा, तशी पेठेला ही सभा. आमच्या पेठेत हा शब्द ठाऊक असलेली माणसेच थोडी आहेत, त्यामुळे मागणी अजून जोर धरत नाही.

पहिला बदल कोणता, या आपल्या प्रश्नावर माझे उत्तर असे आहे: प्रत्येक बोळाच्या तोंडाशी एक पक्का फलक. त्यावर पाण्याची वेळ, टिप्परची वेळ, पाण्याची चावी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा, आरोग्य मुकादमाचा आणि कनिष्ठ अभियंत्याचा कार्यालयीन दूरध्वनी, रस्ता उकरला असेल तर तो कोणत्या तारखेला बुजवणार हा उल्लेख, आणि वर सांगितलेली पुराची खूण. यासाठी भूसंपादन लागत नाही. फलकावरची वेळ मोडली तर निदान ती मोडली हे सिद्ध करता येते, आणि तक्रार ‘पाणी नीट येत नाही’ अशी मोघम न राहता तारीख-वेळेसह लिहिता येते. याला विरोध होईल तो पैशाच्या कारणाने होणार नाही; लिहून दिलेली वेळ पाळावी लागते, म्हणून होईल. आमच्या शेजारच्या एका बोळात रहिवाशांनी स्वतःच वर्गणी काढून असा फळा लावला आहे आणि चावी सोडायला येणारा कर्मचारी जाता जाता त्यावर खडूने दुसऱ्या दिवसाची वेळ लिहून जातो. कोणीही त्याला तसा आदेश दिलेला नाही. पावसाळ्यात खडू पुसला जातो, तेवढी सोय करायची राहिली आहे.