पद्मिनी सेल्फवर सुरू होत नाही, धक्क्यावर होते: कॉइल घेण्याआधी अर्थिंग बघा

ताई, तुमच्या प्रश्नात एक वाक्य अगदी शेवटी, जाता जाता आलंय: "धक्का मारला की मात्र लगेच सुरू होते." माझ्या मते उत्तर तिथंच आहे. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी (जुनी फियाट), पावसाळ्यात सकाळी सेल्फ (किल्लीनं इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारला की इंजिन जड फिरतं, कधी नुसतंच 'टक्' होतं, नंतर पेट्रोलचा वास सुटतो. बॅटरी नवी घालून फरक पडला नाही, आणि आता कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा) बदला असं सांगितलं गेलंय. यातलं काहीही अजून विकत घेऊ नका.

धक्क्यावर गाडी उठते म्हणजे पेट्रोल येतंय, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) उघडतोय, कॉइल ठिणगी देतेय. यातलं एक जरी मेलं असतं, तरी अख्खी गल्ली ढकलायला लागली असती तरी ती हूं की चूं करणार नव्हती. (कॉइल तापल्यावर दगा देते, तो आजार वेगळा. तुमची गाडी गार असताना अडते.) धक्क्यात आणि सेल्फमध्ये फरक एवढाच की धक्क्याच्या वेळी सेल्फ करंट ओढत नाही. त्यामुळे बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणारा आणि सेल्फपासून बॅटरीकडे परत येणारा रस्ता आधी तपासायचा.

हा परत येणारा रस्ता म्हणजे अर्थिंग. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते. तुम्ही लिहिलंय की गेल्या दिवाळीत डेंटिंग-पेंटिंग झालं. माझा सगळा संशय तिथं आहे. पट्टी काढतात, खाली प्रायमर आणि रंग बसतो, आणि पट्टी परत त्या रंगावरच आवळली जाते. दिसायला एकदम पक्की, पण धातूला धातू टेकलेलाच नसतो.

"पण हेडलाइट तर फुल्ल लागतात," असं तुम्ही म्हणाल. लागणारच. दिव्यांना दहाएक अँपिअर पुरतात. गार इंजिन फिरवताना सेल्फ शंभराच्या पुढं ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी विरोध आला, तर दिव्यांचा ०.१ व्होल्ट जातो, सेल्फचा मात्र १ व्होल्ट जागीच जिरतो. म्हणून बॅटरी नवी असून गाडी जुन्या बॅटरीसारखी वागते.

इथं कोल्हापुरात, उद्यमनगरात एका फियाटमध्ये मी हे हाताने अनुभवलंय. सेल्फ मारला की चोकची (गार इंजिनासाठी पेट्रोलचं प्रमाण वाढवणाऱ्या खटक्याची) केबल चटका बसेल इतकी तापायची. अर्थिंगची पट्टी बाद होती, म्हणून शंभर अँपिअरनं परतीला जी सापडली ती वाट धरली होती, ती बिचारी चोकची बारीक तार. तुमच्याही गाडीत दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर चोकच्या केबलला हात लावून बघा.

आता मोजायचं कसं. साधा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागाच्या) कॅपच्या मधली जाड वायर काढून तिचं टोक इंजिनच्या धातूला टेकवून बांधा, म्हणजे गाडी सुरू होणार नाही आणि कॉइललाही त्रास नाही. मग एकानं किल्ली फिरवायची, दुसऱ्यानं आकडा वाचायचा.

पहिला आकडा बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर: सेल्फ मारण्याआधी १२.६ च्या आसपास, मारताना १० च्या खाली जायला नको. दुसरा, बॅटरीची निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये, सेल्फ चालू असताना. मीटरची टोकं खुंटीवरच टेकवा, क्लॅम्पवर नको, नाहीतर क्लॅम्पखालच्या गंजाचा विरोध मोजणीतून सुटून जाईल. इथं अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं की चोर सापडला. तिसरा, पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट, हिशेब तोच.

अर्थिंगच निघालं तर दोन्ही टोकांखालचा रंग पॉलिश पेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावा. पट्टीच्या तारा हिरव्या पडल्या असतील तर नवीच घ्या. दोन्ही रस्ते स्वच्छ आणि बॅटरीही ठणठणीत, तरी इंजिन जडच फिरत असेल, तरच सेल्फ उतरवायचा, आतले बुश (दांड्याचे आधार) आणि कार्बन (घासून करंट देणारे ब्रश) बघायला. नुसतं 'टक्' होऊन थांबत असेल तर सोलेनॉइडचे (सेल्फचा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचे) आतले कॉन्टॅक्टही बघून घ्यायला सांगा.

मग पावसाळ्यातच का? कारण सेल्फनं व्होल्टेज खाली ओढलं की कॉइललाही कमी मिळतं, ठिणगी अशक्त होते. उन्हाळ्यात ती तरी निभावते. आपल्याकडं आषाढात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, त्या हवेत डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत दव धरतं आणि उरलीसुरली ठिणगी ओलीवरून पळून जाते. कॅप काढून आतून कोरड्या सुती फडक्यानं पुसा, उजेडात धरून बघा. केसासारखी काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे, पुसून जात नाही; कॅप बदलायची. कॅपखाली फिरणारा रोटरही तेव्हाच बघा.

झाकण उघडलंच आहे तर पॉइंटही बघा. एका बाजूला उंचवटा आणि समोर खड्डा असेल तर कंडेन्सरवर (पॉइंटवर उडणारी ठिणगी आवरणाऱ्या भागावर) संशय घ्या. गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी, फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पात्यांनी), डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या दांड्याचा, म्हणजे कॅमचा, उंच कोपरा पॉइंटच्या टाचेखाली असताना. आणि एक कळकळीनं सांगतो: चालू स्थितीतला जुना कंडेन्सर फेकू नका. नवे काही फार लवकर जातात, तेव्हा जुना डिकीत असू द्या.

पेट्रोलचा वास हा परिणाम आहे, कारण नाही. चोक ओढून सेल्फ मारत राहिलं की प्लग भिजतात. वास असताना ठिणगी तपासायच्या भानगडीत पडू नका, आग लागते. बॉनेट उघडं ठेवा, वास जाऊ द्या, प्लग काढून वाळवा. कार्बोरेटरला आत्ता हात नको. फक्त २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळं जुने रबरी पाइप आणि एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा खराब होतो, तेवढे पाइप दाबून बघा, चिकट किंवा भेगाळलेले असतील तर बदला.

तुमच्या गाडीला बॅटरी चार्ज करायला डायनामो आहे की अल्टरनेटर, ते लिहिलेलं नाही. डायनामो असेल तर मंद चालीवर तो जवळजवळ चार्ज देत नाही. राजारामपुरी ते महाद्वार रोड एवढ्याच फेऱ्या होत असतील तर नवी बॅटरीही अर्धपोटीच राहणार. आठवड्यातून एकदा पन्हाळ्यापर्यंत नेऊन आणा.

तिन्ही आकडे आणि कॅपच्या आतला फोटो इथं टाका, मग पुढचं बघू.