पेटी कमी उघड, पण दिवस चुकवू नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, सोबतच्या नोंदीही वाचल्या. नोकरी, घरात लहान मूल, त्यात या दोन मधपेट्या, आणि तक्रार एकच की पेट्यांना वेळ पुरत नाही. मला नोंदींवरून वेगळंच दिसतंय. तू पेटी गरजेपेक्षा जास्त वेळा उघडतोस आणि जेव्हा उघडायलाच हवी त्या दिवशी नेमका कुठेतरी अडकलेला असतोस. माश्यांच्या कामात तासांना फारसा भाव नाही, तारखांना आहे.

तारखा तुला ठाऊक आहेत, फक्त त्यांवर आठवडा बेतायची सवय नाही. युरोपियन मधमाशीचं अंडं तीन दिवस अंडंच असतं, मग अळी होते. अंडं घातल्यापासून साधारण 21 दिवसांनी कामकरी माशी बाहेर पडते, नराला 24 लागतात आणि राणी 16 दिवसांत तयार होते. सातेरीचे, म्हणजे आपल्या भारतीय मधमाशीचे, दिवस किंचित कमी भरतात. आता यातला तुझ्या कामाचा आकडा बघ. राणीकोष, म्हणजे नवी राणी जिथे वाढते ते लांबट घर, आठव्या-नवव्या दिवशी बंद होतो आणि हवा चांगली असेल तर जुनी राणी त्याच सुमारास अर्ध्याहून जास्त माश्या घेऊन पेटी सोडते, तीच झुंड. म्हणजे आज तू एकेक फ्रेम, म्हणजे पोळ्याची चौकट, नीट पाहिलीस आणि एकाही राणीकोषात अंडं किंवा अळी सापडली नाही, तर पुढचा आठवडा तू निर्धास्त आहेस. झुंडीच्या हंगामात दर सात दिवसांनी पेटी बघायची ती एवढ्यासाठी. तुझ्या नोंदींत कधी तीन दिवसांनी फेरी आहे, कधी बारा. त्या तिसऱ्या दिवशीच्या फेरीने काही साधलं नाही, आणि बाराव्या दिवशी पोचेपर्यंत झुंड निघूनही गेली असती.

हंगाम सरला की ही घाई संपते. मग दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे, आणि थंडीत तर झाकणाला हातही लावू नकोस. पिलाव्याजवळ, म्हणजे अंडी-अळ्या-कोष असलेल्या पोळ्याजवळ, माश्या 34-35 अंश तापमान राखतात. आपण उत्सुकतेपोटी झाकण उघडलं की ती ऊब पुन्हा आणायला त्यांना साठवणीतला मध जाळावा लागतो.

पेटीकडे जाताना एकच प्रश्न घेऊन जायचं. फ्रान्स्वा ह्यूबरचं नाव तू ऐकलं असशील. जिनिव्हाचा हा माणूस (जन्म 1750) तरुणपणीच दृष्टी गमावून बसला होता. तरी मधमाश्यांविषयी त्याने 1792 मध्ये जे छापलं त्यातलं बरंचसं आजही टिकून आहे. प्रश्न तो ठरवायचा आणि त्याचा नोकर बर्नेन्स पेटीत बघून सांगायचा. राणीचं मीलन पेटीबाहेर, उडतानाच होतं, हे त्या जोडीने दाखवून दिलं. ज्याला दिसत नव्हतं त्याला काय बघायचं ते आधी ठरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आपल्याला दिसतं, म्हणून आपण नुसतेच बघत बसतो.

तुझा सगळ्यात जास्त वेळ राणी शोधण्यात जातो. तो प्रश्नच सोडून दे. राणी दिसायची गरज नाही, अंडी दिसली की झालं. ऊन पाठीमागून खांद्यावरून येईल असा उभा राहा, फ्रेम थोडी तिरकी धर आणि पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी बघ. दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखं पांढरं काहीतरी तळाला चिकटून उभं असेल. पहिल्या दिवशी ते ताठ असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. ताठ अंडं सापडलं तर काल-परवापर्यंत राणी पेटीत होती, एवढं पक्कं झालं. प्रत्येक घरात एकेकच अंडं आहे आणि पिलावा मधून विरळ नाही, सलग आहे, तर फ्रेम खाली ठेव आणि पेटी बंद कर. सराव झाला की हे काम चहा निवायच्या आत होतं.

उघडलेली पेटी बंद करताना मात्र घाई नको. ‘सध्यापुरती’ एक फ्रेम कमी ठेवायची सवय तुला लागलीय असं दिसतंय. माश्या सहा ते नऊ मिलीमीटरची फट जाण्यायेण्यासाठी मोकळी सोडतात. तीहून मोठी फट मिळाली की तिथे पोळं बांधतात, लहान मिळाली की प्रोपोलिसने, म्हणजे झाडांच्या चिकापासून केलेल्या डिंकाने, बुजवतात. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन मधपाळाने 1851 मध्ये हे ओळखलं, त्याच्या पुढच्या वर्षी पेटंट घेतलं, आणि आपण फ्रेम न फोडता बाहेर काढू शकतो ते त्या फटीमुळेच. रिकाम्या सोडलेल्या जागेत आडवंतिडवं पोळं बांधलं गेलं की ते कापून काढण्यात तुझी अख्खी सकाळ जाईल.

राणीकोष दिसले की दिसतील तेवढे चिरडायचे आणि सुटलो म्हणायचं, हा सल्ला तुला कुणीतरी दिलाय. तो मला अजिबात पटत नाही. एक तर फ्रेमच्या खालच्या कडेला, माश्यांच्या गर्दीआड एखादा कोष राहतोच. दुसरं म्हणजे झुंड आधीच निघून गेली असेल, तर तू पेटीची होणारी राणीच मारून ठेवशील. म्हणून कोषाला हात लावण्याआधी अंडी शोध. अंडी आहेत आणि कोषही भरले आहेत, तर जुनी राणी (इथे मात्र ती शोधावीच लागेल), बंद पिलाव्याच्या दोन-तीन फ्रेम, मध-परागाची एक फ्रेम आणि त्यांवरच्या माश्या दुसऱ्या पेटीत काढ. त्या फ्रेमांवर कोष असतील तर ते मात्र काढून टाक. थोड्या माश्या वरून आणखी झटक, कारण चरायला जाणाऱ्या माश्या जुन्या जागीच परततात. मूळ पेटीत एखाद-दुसरा चांगला कोष राहू दे. झुंड जे करणार होती तेच तू तिच्या आधी उरकलंस. आणि राणीकोषाच्या नुसत्या रिकाम्या वाट्या दिसल्या तर घाबरू नकोस, त्या वर्षभर असतात.

यानंतरचं काम तुझ्यासारख्या उतावळ्याला जड जाईल. बंद कोषातून राणी आठवडाभराने बाहेर येते, मग तिला जाणतं व्हायला, मीलनाच्या उड्डाणांना आणि अंडी घालायला लागायला आणखी दोनेक आठवडे जातात. हवा बिघडली तर जास्तच. तोवर मूळ पेटी उघडायची नाही. कोवळी राणी बावरते, क्वचित कामकरी माश्याच तिच्यावर उठतात. तुला कुठे जायचं असेल तर याच तीन आठवड्यांत जा.

उघडायचं नाही म्हणजे बघायचंही नाही असं नव्हे. ऑफिसातून आल्यावर दारासमोर नाही, बाजूला पाच मिनिटं उभा राहा. परागाच्या गोळ्या पायांना बांधून माश्या लगबगीने आत शिरताहेत, तर आत बहुधा पिल्लं पोसली जाताहेत. दारात झटापट चाललीय, खाली मेणाचा भुगा सांडलाय, तर लुटालूट. दार दोन माश्यांपुरतं अरुंद कर. खडूच्या तुकड्यांसारख्या कडक अळ्या दारापुढच्या फळीवर पडल्या असतील तर तो बुरशीचा आजार. मग पेटी मागच्या बाजूने बोटभर उचलून वजनाचा अंदाज घे. रोज उचललीस की हाताला कळायला लागतं, आणि अचानक हलकी लागली तर पाक द्यायची वेळ झाली.

संध्याकाळची कामं एवढीच: वजन, पाक, पाणी, दार लहानमोठं करणं. पाक तर संध्याकाळीच द्यावा, दिवसा दिला तर शेजारच्या वसाहती वासावर येतात. पण फ्रेम काढायचं काम सुट्टीच्या दिवशी, ऊन चढल्यावर, वारा नसताना कर. तेव्हा चरणाऱ्या माश्या बाहेर असतात. कामावरून दमून आल्यावर अंधार पडायच्या आत ‘पटकन बघून घेऊ’ म्हणून झाकण उचललंस, तर सगळी वसाहत घरी आणि तुझा हात घाईत. घरात भांडण झालेल्या दिवशीही पेटीकडे फिरकू नकोस. माश्यांना राग कळतो असं मी म्हणत नाही, पण चिडलेला माणूस फ्रेम आपटतो.

वहीत पानभर लिहायला तुला जमत नाही, तर लिहू नकोस. तारीख, काय दिसलं, पुढची तारीख, एवढंच. हात प्रोपोलिसने चिकट असतील तर फोनवर बोलून ठेव. झाकणावरच्या विटेचाही उपयोग होतो: आडवी म्हणजे सगळं ठीक, उभी म्हणजे राणीची शंका, कोपऱ्यात सरकवलेली म्हणजे इथे नव्या राणीची वाट बघतोय, हात लावू नको. घरातल्यांनाही ही खूण शिकव.

वरोआ माइटकडे, म्हणजे माश्यांवर जगणाऱ्या त्या बारीक परजीवीकडे, मात्र वेळ नाही म्हणून काणाडोळा चालणार नाही. ती बंद पिलाव्यात वाढते, म्हणून वरून पेटी धडधाकट दिसत असतानाच आतून पोखरलेली असते. हंगामात महिन्यातून एकदा पिलाव्याच्या फ्रेमवरच्या अर्धा कप माश्या, म्हणजे अंदाजे 300, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घे. राणी त्यात नाही ना, हे दोनदा बघ. वर पिठीसाखर टाक, बरणी फिरव, दोन मिनिटं थांब आणि पांढऱ्या कागदावर हलव. गळून पडलेल्या माइट मोज. नऊ म्हणजे तीन टक्के, तिथे पोचलास तर उपाय करायलाच हवा. माश्या पिठात लोळल्यासारख्या दिसतात, पण जिवंत परत जातात. औषध लेबलावर लिहिलंय तसंच, आणि लेबल परवानगी देत नसेल तर मधकोठी (मध साठवायचा वरचा मजला) चढवलेली असताना नाही. सातेरी हा त्या माइटचा मूळ यजमान, तिच्यात ती मुख्यतः नरांच्या पिलाव्यात वाढते, म्हणून तिला हा त्रास कमी.

मधाची घाई करू नकोस. घरं मेणाने बंद झालेली हवीत. शंका आली तर फ्रेम आडवी धरून एक झटका दे. थेंब उडाले तर पाणी जास्त आहे, थांब. ओलावा 18 टक्क्यांच्या वर असेल तर मध आंबायची भीती. काढायचा तो रात्री, दारं-खिडक्या लावून, आणि एका वेळी चार फ्रेमच. मूल वर्षाचं होईपर्यंत त्याला मधाचं बोटही लावायचं नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी.

दंश झाला तर नांगी लगेच खरवडून टाक, कशाने काढलीस यापेक्षा किती लवकर काढलीस हे महत्त्वाचं. तिथे पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्यांना बोलावणारा असतो. म्हणून त्या जागी धूर दे. जागच्या जागी सूज येणं ठीक. अंगभर गांध्या, श्वासाला त्रास, चक्कर, यांतलं काहीही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. हे घरात सगळ्यांना माहीत असू दे.

तिसरी पेटी घ्यायचा विचार यंदा नको. एकच पेटी असणंही वाईट, कारण तुलना करायला काही नसतं आणि राणी गेली तर अंड्यांची फ्रेम उसनी आणायला जागा नसते. दोन बरोबर आहेत. फक्त तिसऱ्या पेटीचं रिकामं सामान, फ्रेमसकट, जोडून तयार ठेव. झुंडीच्या दिवसांत ते रात्री बसून ठोकायला वेळ मिळत नाही.

रविवारी दुसऱ्या पेटीत फक्त अंडी आहेत का ते बघ. नसतील पण लहान अळ्या असतील, तर पहिल्या पेटीतली अंड्यांची एक फ्रेम माश्या झटकून तिकडे दे आणि तीन-चार दिवसांनी तिच्यावर राणीकोष बांधायला घेतलेत का तेवढं तपास; घेतले असतील तर पेटीत राणी नाही. काय दिसलं ते तारखेसह कळव.

तुझी,
मावशी