हिरवळीवर पिवळे चट्टे: पाणी वाढवण्याआधी मुळं बघा

ताई, विश्रामबागेतल्या तुमच्या लॉनवर दसऱ्यापासून पिवळे चट्टे पडलेत आणि दोन वेळ पाणी, दोनदा युरिया देऊनही ते पसरतायत, असं तुम्ही लिहिलंय. आधी युरिया थांबवा. ऑक्टोबरचं ऊन कडक असलं तरी परतीच्या पावसानंतर आपल्या काळ्या मातीत खाली ओल असते. त्यामुळे हा तहानेचा प्रकार वाटत नाही.

चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून वर ओढा. चटईसारखं सुटून हातात आलं तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी आहे. उसाला लागते तीच. खुरपीने फूटभर चौकोन दोन-तीन इंच उकरून बघा: पांढरट, तपकिरी डोक्याच्या, अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या अळ्या दिसतील. साळुंक्या आणि बगळे एकाच जागी टोचत बसत असतील तर ती जागा आधी उकरा. माझ्या लॉनवर मी पंधरा दिवस नुसतं पाणीच वाढवत राहिलो आणि तेवढ्यात अर्धी हिरवळ गेली, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

या दिवसांत अळी मोठी झालेली असते, औषधाला सहजी दाद देत नाही. लहान बागेत वेचून काढणंच खात्रीचं. नंतर हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी चाळलेल्या शेणखतात मिसळून ओल्या जमिनीवर संध्याकाळी पसरा. उन्हात ती टिकत नाही. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच घ्या. कच्च्या खतातून हुमणी घरी येते. साखर कारखान्याची ताजी मळीही नको, ती तापते.

उकरून अळी दिसलीच नाही, तर बहुधा माती घट्ट बसलीय. वाफसा आल्यावर, म्हणजे माती चिकटही नाही आणि कोरडीही नाही अशी झाली की, टोकदार सळईने वीतभर अंतरावर चार-पाच इंच खोल भोकं पाडा. लव्हाळ्याचं तणही तेव्हाच गाठीसकट उपटा, वरून कापलं की दुप्पट फुटतं.

पाणी सकाळीच, एक-दोन दिवसाआड पण भरपूर. रात्री दिलं तर दवात भर पडून गवतावर रोगाची बुरशी येते. खत द्यायचं ते दिवाळीच्या आसपास: शंभर चौरस फुटाला शंभर ग्रॅम युरिया, कोरड्या पात्यांवर, आणि लगेच पाणी. डिसेंबरात थंडी पडली की हरळीची वाढ मंदावते, मग खत वाया जातं.

आवारात कडुनिंब किंवा बाभूळ आहे का? असेल तर वळवाचे पहिले पाऊस झाले की अंधार पडल्यावर फांद्या हलवा, खाली पडणारे हुमणीचे भुंगेरे (तिचे पूर्ण वाढलेले किडे) रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. हुमणी तिथेच तोडता येते.