कम्युनियन : मीलन की वाटेकरीपण?

प्रश्न असा आहे : ख्रिस्ती उपासनेतल्या 'कम्युनियन'ला मराठीत नेमके काय म्हणावे, आणि भाकर-द्राक्षारसाच्या या विधीचा 'शेजाऱ्यावर प्रीती करा' या शिकवणीशी शब्दातूनच काही संबंध लागतो का?

रूढ शब्द आहेतच. कॅथलिक 'ख्रिस्तप्रसाद' म्हणतात, प्रोटेस्टंट 'प्रभुभोजन'. विधीसाठी तेच वापरावेत. मूळ शब्दातला भाव मात्र त्यांत पुरता उतरत नाही. काही जण तो 'मीलन' किंवा 'एकरूपता' असा सांगतात, तेही मला पटत नाही. लॅटिन 'कोम्मुनिओ'त 'उनिओ', म्हणजे ऐक्य, दडलेले भासते; पण शब्द आला आहे 'कोम्मुनिस'पासून, म्हणजे सामायिक.

बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द 'कोइनोनिया' तर याहून बोलका आहे. त्याच कुळातला 'कोइनोनोस' म्हणजे भागीदार. लूकच्या शुभवर्तमानात (५:१०) याकोब आणि योहान हे मासेमारीत शिमोनाचे भागीदार होते, तिथे हाच शब्द येतो. आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला (१ करिंथ १०:१६) लिहितो की आपण मोडतो ती भाकर म्हणजे ख्रिस्ताच्या शरीराची 'कोइनोनिया'. आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१५:२६) मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी काढली, त्या वर्गणीलाही तो 'कोइनोनिया'च म्हणतो! वेदीवरची भाकर आणि भुकेल्यासाठी काढलेला पैसा, दोहोंना एकच शब्द. मला तरी ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

म्हणूनच करिंथमध्ये काही जण आधीच जेवून तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने सरळ सांगितले की हे प्रभुभोजन नव्हेच (१ करिंथ ११:२०-२१). भाकर होती, प्याला होता, प्रार्थनाही झाली असेल. नव्हते ते वाटेकरीपण.

प्रीतीसाठीचा ग्रीक शब्द 'अगापे'. यहूदाच्या पत्रात (ओवी १२) त्याचेच अनेकवचन मंडळीच्या एकत्र जेवणांसाठी येते. मराठी बायबल तिथे 'प्रीतिभोजने' म्हणते. म्हणजे प्रीती हे एका जेवणाचेच नाव होते.

'सहभागिता' हा ख्रिस्ती मराठीत रुळलेला शब्द अर्थाला चांगला जुळतो. मात्र स्पर्धा-शिबिरांतल्या 'सहभागा'ने तो आता पातळ झाला आहे. नुसती हजेरी लावली तरी सहभाग होतो. अर्थ समजावताना मी 'वाटेकरी' म्हणेन. सुखदुःखाचा वाटेकरी आपण म्हणतोच. शिवाय ज्याला 'वाटा' मिळतो त्याने तो पुढे 'वाटायचा', हे नाते मराठीने एकाच धातूत जपले आहे. ख्रिस्ताच्या देहाचा वाटेकरी कोण, असे विचारले की शेजारी बसलेलाही त्या वाट्यात आपोआप येतो. 'मीलन' म्हटले की तो बाहेरच राहतो.