आधी बोनेटवर हात ठेव

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा लेथ चालू होती, नीट बोलणं झालं नाही. जाफ्राबादच्या पुढं एका शेतात, कडुलिंबाखाली उभा असलेला जुना फौजी ट्रक, शक्तिमान, तू बघून आलास आणि तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही म्हणालास. हे वेड मला माहीत आहे, आणि ते चांगलं आहे. पण लेकरा, विसार द्यायची घाई करू नकोस. विसार दिला की माणसाला गंज दिसायचा बंद होतो. दिसलाच तर किरकोळ वाटतो.

आपल्या जालन्यात सळईच्या भट्ट्या, त्यामुळं चहूकडचं भंगार इथं येऊन पडतं. त्यात फौजी गाड्याही येतात. गॅस कटरनं चासी तीन जागी कापली की ज्या गाडीनं डोंगरावर रसद नेली ती ढिगातली एक पट्टी होऊन जाते. एकदा एक निसान वन-टन, म्हणजे फौजेचा छोटा ट्रक, माझ्या डोळ्यांदेखत कापली गेली. तिच्या डॅशबोर्डवरची माहितीची पट्टी तेवढी मी मागून घेतली. गिअरची आकृती आणि खाली जबलपूरचं नाव. ती पट्टी आजही माझ्या गल्ल्यात आहे. तू एक गाडी वाचवलीस तर मला किती बरं वाटेल, हे तुला सांगता यायचं नाही. पण वाचवायची तर अशी गाडी निवड, जिच्यात वाचवण्यासारखं काही उरलंय.

म्हणून माझं मुख्य म्हणणं असं, की गाडी अख्खी बघ. चकचकीत नको, चालू नसली तरी हरकत नाही, पण अख्खी. आपल्याकडं लिलावातून सुटलेल्या फौजी ट्रकांचं काय झालं ते तू ऐकलंच असशील. कुणी दुष्काळात त्याचा पाण्याचा टँकर केला, कुणी बोअरची मशीन चढवली, कुणी मूळ इंजिन काढून दुसऱ्याच कंपनीचं बसवलं. त्या लोकांना मी नावं ठेवत नाही. त्यांना पोट होतं, आणि गाडीनं त्यांचं पोट भरलं. पण अशी गाडी पुन्हा मूळ रूपात आणणं म्हणजे अर्धा जन्म आहे. पिस्टन, बुश, पिन, शाफ्ट हे सगळं मी लेथवर करून देईन. ताडपत्रीच्या मूळ कमानी, मूळ दिवे, मूळ रिमा, हौद्याचे कडी-कोयंडे मी कुठून आणू? ते जिथं असतील तिथंच असतात.

अख्खी आहे की नाही हे ओळखायची माझी एक खूण आहे. मागून गाडीखाली वाक. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा असतो, त्या डिफरन्शियलवर जुन्या रंगाखाली पांढरा रंग दिसतो का बघ, आणि त्याच्यावर प्रकाश पडेल असा बारका दिवा किंवा निदान त्याची क्लिप, वायरचं टोक. रात्री ताफ्यात मोठे दिवे बंद ठेवून जाताना मागच्या ड्रायव्हरनं त्या पांढऱ्या गोळ्यावर नजर ठेवून चालायचं, त्यासाठीची ती सोय. रंगवणारे वरचा पत्रा रंगवतात, खाली वाकत नाहीत. तो दिवा जागेवर असेल तर बाकीचंही पुष्कळ जागेवर असतं.

मग नखानं किंवा ब्लेडनं, मालकाला विचारून, बंपरच्या कडेचा रंग थोडा खरवड. कधी कधी जुना फौजी नंबर उमटतो. वर तोंड केलेला बाण आणि त्याच्याजवळचे दोन आकडे. ते दोन आकडे सालाचे. गोष्टी सांगणारे खूप भेटतील तुला. "रझाकाराच्या वेळची गाडी आहे, पोलीस अ‍ॅक्शनला नळदुर्गात शिरली होती," असं मला स्वतःला एकानं शक्तिमान दाखवून सांगितलंय. सोलापूरकडून फौज नळदुर्गावर आली ती 13 सप्टेंबर 1948 ला. पहिला शक्तिमान जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर तयार झाला तो 1959 मध्ये. माझी आजी तिकडचीच. तिनं त्या सप्टेंबरात ज्या "मिलटरीच्या मोटारी" पाहिल्या, त्या शक्तिमान असणं शक्यच नव्हतं. गाडीची खरी हकीकत पुरेशी मोठी असते. तिला उसनी कथा जोडणाऱ्याकडून घेऊ नकोस, कारण तो कागदांतही तेच करतो.

कागदांवर जरा थांबतो, कारण मी इथंच बुडालोय. माझी पहिली गाडी मी एका दलालाकडून घेतली. लिलावाची पावती आहे, रिलीज ऑर्डर आहे, नावावर करून देतो, असं सगळं तोंडी. पावती होती, पण दुसऱ्याच चासीची. दोन वर्षं ती गाडी माझ्या शेडमध्ये उभी राहिली. रस्त्यावर काढता येईना, विकता येईना, टाकवेना. शेवटी सुट्टे भाग म्हणून दिली. घरच्यांचे पैसे होते ते. म्हणून सांगतो, फौजेतून सुटून जिची नोंद आरटीओत आधीच झालेली आहे, जिचं आरसी बुक आजच्या मालकाच्या नावावर जिवंत आहे, तीच गाडी घे. नुसती लिलावाची कागदपत्रं असलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी तुझ्या पहिल्या खेपेला नको. आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवर ठोकलेला नंबर स्वतः ताडून बघ. पातळ कागद ठेव, वर पेन्सिल घास, ठसा घेऊन ये. आकड्यांच्या आजूबाजूला ग्रायंडरचे ओरखडे दिसले तर चहासुद्धा न घेता निघ. कर्जाचा बोजा, थकलेला टॅक्स, वाहनाचा वर्ग हेही ऑनलाइन बघून घे.

व्हिंटेजच्या नोंदणीबद्दल तू विचारलंस. 2021 च्या नियमानं 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. पण हा नियम खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकीसाठी आहे, धंद्याच्या गाडीसाठी नाही. शिवाय असा नंबर घेतला की रोजच्या रस्त्यावर गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, डिझेल भरणं, एवढ्यापुरतीच. तुझ्या आरसीवर मालवाहू वर्ग असेल तर आपल्या एमएच-21 च्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घे. खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर विसार देऊ नकोस. तुझा परवानाही बघ. गाडीचं वजन 7500 किलोच्या वर गेलं की साधा हलक्या वाहनाचा परवाना चालत नाही.

आणि रंग. हे ऐकून तुला वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं. फौजेचा तो ऑलिव्ह हिरवा तुला देता येणार नाही. मोटार वाहन नियम 121 प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बाणाचा नंबर, पलटणीच्या खुणा हेही नाही. मी आता माझ्याकडं असलेल्या वन-टनला मातकट रंग दिलाय, आपल्या रानातल्या उन्हाळ्यातल्या ढेकळासारखा. बोनेटच्या आतल्या बाजूचा मूळ हिरवा मात्र तसाच ठेवलाय. बोनेट उघडलं की तो दिसतो.

आता गाडी बघायला जाशील तेव्हाचं. पोचल्यावर मालकाशी बोलायच्या आधी बोनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, तू यायच्या आधी त्यानं ती कशीबशी सुरू करून ठेवलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी ये म्हणावं. जुन्या इंजिनाचं खरं रूप ते थंड असतानाच कळतं. ऑइलची पट्टी ओढून बघ. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय, हेड गॅसकेट नाहीतर हेडलाच तडा. रेडिएटरचं झाकण उघड, तेलाचा तवंग बघ. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढ. तिथून चिलमीसारखा धूर ढकलत असेल तर बोअर-पिस्टनचं काम आलं. ते येऊ दे, त्याला इलाज आहे.

चासीला इलाज महाग आहे. बारका हातोडा ने. चासीवर, हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ टकटक करत जा. चांगलं लोखंड देवळातल्या घंटेसारखं बोलतं, कुजलेलं मडक्यासारखं. कडुलिंबाखाली उभी आहे म्हणालास, म्हणजे हौद्यात पाला साचून कुजला असणार, आणि त्या पाल्याखाली पत्रा ओला राहतो. पाला सगळा काढायला लाव. लाजू नकोस.

भावाचं एकच सांगतो. गाडीचं वजन काढ, त्याला आजच्या भंगाराच्या दरानं गुण. जालन्यात त्या मालकाला तेवढे कधीही मिळतात, त्याखाली तो उतरणार नाही. त्यावर तू जे देशील ते अख्खेपणाचे आणि कागदांचे पैसे.

शक्तिमानच घ्यायचा का, यावर माझं मत वेगळं आहे. पहिली गाडी म्हणून मी निसान वन-टन सांगेन. तीही जबलपूरचीच. 1969 मध्ये तिथं व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली, आणि शक्तिमान, वन-टन, फौजी जीप जोंगा ही तिन्ही नावं त्या आवारात मोठी झाली. वन-टन शेताच्या फाटकातून जाते, एकट्याला आवरते. 3956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पितं भरपूर, माझी लिटरला चार-पाच किलोमीटरच्या वर कधी गेली नाही. पण तू ती रोज थोडीच फिरवणार आहेस. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधले रबर टिकत नाहीत, ते आधी बदल. शक्तिमानवर तुझा जीव जडलाय हे मला कळतं. तोच घ्यायचा ठरलं तर मी तुझ्या बाजूनं उभा आहे.

गाडी घरी आली की इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रेक. माझ्या वन-टनच्या ब्रेकच्या टाकीत एका मिस्त्रीनं साधं इंजिन ऑइल ओतलं होतं, "तेल तेच असतं" म्हणून. मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना गाडी जड वाटायला लागली. आधी मला वाटलं चढ लागला. मग जळका वास. उतरून बघतो तर चारही ड्रम इतके तापलेले की हात धरवेना. ऑइलनं रबरी वॉशर फुगले, तेल परत जायची वाट बंद झाली आणि ब्रेक आपोआप आवळत गेले. आवळले म्हणून वाचलो. तेच वॉशर फाटून पॅडल खाली बसलं असतं तर त्या वळणावर काय झालं असतं, ते मला आजही घाटात आठवतं. ब्रेकचे सगळे सिलिंडर खोल, वॉशर नवे टाक, पाइप नवे टाक, आणि डब्यावर लिहिलेलं ब्रेक ऑइलच भर. ब्रेक लायनरची जुनी पूड हवेच्या पाइपनं उडवू नकोस. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पूस.

चाकांनाही तितकाच जप. फौजी ट्रकाच्या रिमा बऱ्याचदा तुकड्यांच्या किंवा लॉक रिंगच्या असतात. हवा भरताना रिंग नीट बसलेली नसेल तर ती सुटते, आणि सुटली की समोरच्या माणसाला ठेवत नाही. खोलायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोड. भरताना चाकाला साखळी गुंडाळ, लांब पाइप लाव, बाजूला उभा राहा. घाई असलेल्या पंक्चरवाल्याकडं ते चाक देऊच नकोस. डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असू शकतात. पाना लावून उडी मारायच्या आधी बोल्टाच्या टोकावर एल अक्षर आहे का बघ.

गिअर मी तुला शेजारी बसवून शिकवीन, लिहून येत नाही ते. तरी ऐकून ठेव. गिअर खाली टाकताना क्लच दाब, न्यूट्रलला आण, क्लच सोड, एक हलका रेस दे, पुन्हा क्लच दाब आणि मग टाक. रेस किती द्यायचा ते कान सांगतो. बरोबर पडला की दांडा लोण्यात गेल्यासारखा जातो, चुकला तर अख्खी गाडी करकरते. आणि घाट उतरायचा गिअर घाटाच्या वरच टाकायचा. पुढच्या चाकांचा जोर, म्हणजे फोर-व्हील, डांबरावर लावू नकोस, वळताना आतले गिअर ताणून अडकतात. तो चिखलासाठी आहे.

चिखलावरून आठवलं. आपली काळी माती पावसाळ्यात गाडी गिळते. मृगाच्या आधी मुरमाचा ओटा कर, वर फरशी, वर पत्र्याचं शेड. महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे दे, म्हणजे टायरवर भार राहणार नाही. बॅटरीची वायर सोडून ठेव. उंदरांकडं लक्ष ठेव, त्यांना वायरिंग फार आवडतं.

बाकी प्रत्यक्ष. येत्या रविवारी मी पहाटेच्या एसटीनं निघतो, सातपर्यंत जाफ्राबादच्या स्टँडवर उतरेन. हातोडा, टॉर्च, पातळ कागद आणि पेन्सिल मी आणतो. तू फक्त त्या मालकाला आज फोन करून सांग, की आम्ही येईपर्यंत गाडीला किल्ली लावू नका.

तुझा,
काका