बांधीतलं शेवाळ: काढायचं कोणतं, जपायचं कोणतं

साकोलीकडच्या एका शेतकरी भावाने विचारलंय: "धानाच्या रोवणीला पंधरा दिवस झाले. बांधीत हिरवं शेवाळ माजलंय, रोपं दबतायत. वरून दुकानदार म्हणतो, शेवाळाचं पाकीट टाका. आधीचंच काय कमी आहे?" लाखांदूरच्या एका ताईंचा प्रश्न: पाकीट टाकलं तर युरिया बंद करायचा का?

भाऊ, शंका रास्त आहे, पण ही दोन शेवाळं वेगळी. बांधीतलं थोडं हातात घ्या. ओल्या केसांसारखे लांब तंतू बोटांतून सुळकन निसटले तर ते स्पायरोगायरासारखं हिरवं शेवाळ. ते नत्र देत नाही, उलट धानाच्या वाट्याचं खातं. सुपर फॉस्फेट उभ्या पाण्यात फेकलं की हमखास माजतं. ते खत चिखलणीतच द्यायला हवं होतं. आता दाताळ्याने ओढून काढा आणि दोन-तीन दिवस बांधीतलं पाणी बाहेर काढून ठेवा. मोरचुदाची पुरचुंडी पाण्याच्या तोंडाशी बांधायची सवय अनेकांना आहे. त्याने हे मरतं, पण पाकिटातलं निळं-हिरवं शेवाळही मरतं. मग पाकिटाचे पैसे पाण्यात गेलेच समजा.

पाकिटातलं ते निळं-हिरवं: ॲनाबिना, नॉस्टॉक, ऑलोसिरा, टॉलिपोथ्रिक्स. सूक्ष्मदर्शकाखाली ॲनाबिना मण्यांच्या माळेसारखी दिसते आणि मध्येच एखादा फिकट, जाड भिंतीचा मणी असतो. हवेतला नत्र धरायचं काम त्याच मण्यात चालतं. प्राणवायू लागला की हे काम बिघडतं, म्हणून भिंत जाड. धानाच्या शेतात नत्र या शेवाळामुळे टिकतो, हे पी. के. डे यांनी १९३९ सालीच दाखवलं होतं.

रोवणीनंतर आठवड्याभराने, उभ्या पाण्यात, पाकिटातला चुरा एकरी ४ किलो फेका. तुमचे पंधरा दिवस झालेत, तरी हिरवं काढून पुन्हा पाणी धरलं की टाका. धान दाटून सावली पडायच्या आत मात्र, कारण याला ऊन लागतं. पुढे बांधी सुकू देऊ नका. तणनाशकाच्या दिवशी हे टाकू नका.

ताई, युरिया बंद नाही करायचा. शेवाळ चांगलं धरलं तर हेक्टरी २५ किलोच्या आसपास नत्र मिळतो, म्हणजे एकरी साधारण अर्धी गोणी युरिया वाचतो. तेवढाच कमी करा, आणि तोही पहिल्या वर्षी एकाच बांधीत करून बघा. एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: पाण्यात युरिया भरपूर असला की हे शेवाळ हवेतला नत्र धरायचे कष्ट घेतच नाही. म्हणून युरिया एकदम नको, हप्त्याने द्या.

ओळख पटत नसेल तर बांधीतल्याच पाण्यासह थोडं शेवाळ बाटलीत घेऊन कार्यालयात या. बाटली अर्धीच भरा, झाकण सैल ठेवा. मागे एकांनी गच्च बंद बाटली तीन दिवस गाडीच्या डिकीत ठेवली होती; ती उघडल्यावर ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, वास तेवढा होता.