अलिबागहून लाँचने जाऊन एका दिवसात मुंबई पाहता येते का? सोबत वयस्कर आईवडील असतील, तर मोटारीने जाणे बरे का?

पाहता येते, आणि लाँचनेच जावे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून मोटारीचा सल्ला देणारे वाढले आहेत. आमच्या घरात तो सल्ला माझे मेहुणे देतात. गेटवेच्या परिसरात जुन्या इमारतींपलीकडे काही नाही, तेव्हा गावाकडच्या माणसांना जुहू आणि एखादा मॉल दाखवावा, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते मुळीच मान्य नाही.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. संयुक्त महाराष्ट्राचा लढा त्यांनी वर्षानुवर्षे मुलांना शिकवला; परंतु त्यांचे मुंबईला जाणे होई ते लग्नकार्यासाठी किंवा कोणाच्या आजारपणात, तेही उपनगरात, त्यामुळे हुतात्मा स्मारक पाहण्याचा योग कधी आला नव्हता. निवृत्तीनंतर मी त्यांना मांडव्याहून सकाळच्या लाँचने नेले. गेटवे दिसू लागताच ते शेजारच्या मुलांना सांगू लागले की, १९११ साली पंचम जॉर्ज येथे उतरला तेव्हा ही कमान उभी नव्हती, तिचे उद्घाटन १९२४ मध्ये झाले, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिशांची शेवटची पलटण हिच्याखालूनच निघून गेली. पुलावरून मोटारीने येणाऱ्याला मुंबईचे हे दार समोरून दिसत नाही.

शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला नमस्कार करून आम्ही वस्तुसंग्रहालय सावकाश पाहिले, ओव्हल मैदानाच्या कडेने राजाबाई टॉवर पाहिला आणि हुतात्मा चौकात आलो. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या पुतळ्यासमोर वडिलांनी चपला काढल्या, आणि २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनजवळचा गोळीबार त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगितला, जणू मी त्यांच्या वर्गात बसलो होतो. तेवढ्यात मेहुण्यांचा फोन आला की टॅक्सी करून वांद्र्याला या, सी-लिंक दाखवतो. वडिलांनी शांतपणे नकार दिला आणि तेथेच आणखी बराच वेळ थांबले. पुढे एशियाटिकच्या पायऱ्या आणि १८८८ मध्ये पूर्ण झालेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहून टॅक्सीने गेटवेला परतलो. जुन्या इमारतींत पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणणाऱ्याने त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहायला हवा होता.

सोबत वयस्कर माणसे असतील, तर चौकाचौकांत टॅक्सी घ्यावी, परंतु फोर्टच्या बाहेर जाऊ नये. एका दिवसात दक्षिण मुंबई आणि उपनगरे दोन्ही गाठू पाहणाऱ्याचा दिवस रस्त्यातच जातो.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. पावसाळ्यात मांडवा–गेटवे लाँच बंद असते. ओहोटीच्या वेळी गेटवेच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो घ्यावी; तिच्यातून मोटारही नेता येते, आणि एवढ्यापुरते मी मेहुण्यांचे म्हणणे मान्य करतो. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ सकाळीच विचारून घ्यावी आणि रविवारी त्याआधीची लाँच पकडावी, कारण संध्याकाळी रांग मोठी असते. मुंबईतील नातेवाइकांनी रात्रीच्या जेवणाचा कितीही आग्रह केला, तरी त्यांना अलिबागला बोलवावे आणि आपण वेळेवर धक्क्यावर जावे.